मला न मिळालेला खो

निवृत्तीने मला फसवलं. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण तो गेल्यापासून त्याच्याविषयी जे जे बोललं गेलं त्यात हे वाक्य कुठेच आलं नाही. दिंडोरीतल्या शोकसभेत प्रत्येकजण माइक हातात घेऊन म्हणत होता, सरांनी कधी कुणाला दुखावलं नाही, सरांनी कुणापासून काही लपवलं नाही. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो. मला कुणी बोलायला बोलावलं नाही ते बरंच झालं, मी बोललो असतो तर सभा उठली असती. निवृत्तीला आजार झालाय, तो बरा होण्यातला नाही, हे त्याच्या खो-खोच्या मैदानावरच्या प्रत्येक पोराला माहीत होतं. मैदान ज्यांचं त्या बाजीरावआबांना माहीत होतं. माझ्या स्वतःच्या पोरीला, अंकिताला, माहीत होतं. एका ताटात जेवलेल्या, एका शर्टावर दोन वर्षं शाळा केलेल्या माझ्यासारख्या मित्राला तेवढं माहीत नव्हतं. याला दुसरा शब्द असेल तर सांगा. मला तरी फसवणूक हाच शब्द सुचतो.

बातमी आली तेव्हा मी बागेत होतो. मी द्राक्षाचा व्यापारी. राहतो नाशिकला इंदिरानगरात, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये माझा मुक्काम दिंडोरीच्या शिवारातच असतो. हातात घड होता, समोर बागायतदार होता, आणि मणी बारीक राहिलेत हे त्याला पटवण्यात माझा सगळा जीव गुंतला होता. तेवढ्यात बाजीरावआबांचा फोन आला. "रामनाथशेठ, निघालात का?" मी म्हटलं, "कुठं?" पलीकडून हळूच, "आवो, सर गेले ना सकाळी. अंकितानं सांगितलं नाय तुम्हाला?" मी घड तसाच हातात धरून गाडीत बसलो. निवृत्तीच्या दारात उतरलो तेव्हाही तो हातातच होता. कुठे ठेवावा कळेना. शेवटी कंपाउंडच्या भिंतीवर ठेवला.

अंगणात सगळी पोरं होती. मैदानावर बसतात तशीच एका रांगेत उकिडवी बसलेली. रडत होती, पण गडबडली नव्हती. मरणाच्या घरात एक गोंधळ असतो, बांबू कुणी आणायचे, गुरुजींना कुणी बोलवायचं, पुण्याहून निघालेला मुलगा कुठवर आला... तो गोंधळच नव्हता. प्रत्येकाचं काम आधीच वाटून दिलेलं. निवृत्तीच्या बायकोच्या, सुमनवहिनींच्या, पाठीशी मैदानावरची यमुना बसली होती आणि तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. बोली सुरू होण्याआधीच सौदा ठरलेला असला की व्यापाऱ्याला त्याचा वास येतो. मला तो वास आला. अंकिताला मी गोठ्याच्या बाजूला घेतलं.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"पप्पा, आत्ता नको."

"कधीपासून?"

"दसऱ्याच्या आधीपासून."

दसऱ्याला निवृत्ती आमच्या घरी सोनं द्यायला आला होता. वाटीभर बासुंदी प्यायला आणि दुसरी वाटी मागून घेतली होती. अंकिता समोर बसली होती. दोघांपैकी कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती.

निवृत्ती आणि मी एका गल्लीत वाढलो. त्याचे वडील पाटकरी होते, पाटाचं पाणी सोडायचं त्यांचं काम. माझे वडील बाजारात हमाली करायचे. शाळेत आम्ही दोघं खो-खोत होतो. ज्यांनी हा खेळ नुसता पाहिला आहे त्यांना पळणारे तेवढे दिसतात. खरी परीक्षा बसणाऱ्याची असते. आठ गडी ओळीत बसतात, एकाचं तोंड इकडे, पुढच्याचं तिकडे. पाठलाग करणारा मागून येतो, तुमच्या पाठीवर हात मारतो, "खो" म्हणतो, आणि मगच तुम्ही उठायचं. मागे कोण येतोय ते तुम्हाला दिसत नाही. त्याच्या हातावर भरवसा ठेवून बसावं लागतं. निवृत्ती तसा दगडासारखा बसायचा. मला ते कधी जमलं नाही. तालुक्याच्या सामन्यात पंचांनी मला आधी उठलो म्हणून फाऊल दिला आणि आम्ही हरलो. खो निवृत्तीनेच दिला होता. मी आजही सांगतो, मला "खो" ऐकू आला होता. तो म्हणायचा, "राम्या, आवाज आला असेल, हात लागायचा होता." यावर आम्ही उभा जन्म भांडलो. माझ्या लग्नात जेवणाच्या पंगतीत भांडलो. आता भांडायला माझ्यासमोर कुणीच नाही, पण म्हणून त्याचं खरं मानायला मी तयार नाही.

पुढे तो शिकला, शाळेत खेळाचा शिक्षक झाला. मी क्रेट उचलता उचलता भाव करायला शिकलो. मला जे मिळालं ते मी घासाघीस करून मिळवलं, कुणी हातावर ठेवलं नाही. लोक मला घाबरून शेठ म्हणतात हे मला कळतं. निवृत्तीला मात्र न मागता मिळायचं. भाजीवाली त्याच्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी टाकायची आणि तो नको म्हणेपर्यंत पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायची. तीच बाई मला मिरची देताना काटा डोळ्यात तेल घालून बघायची. मी हे एकदा त्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "अरे, तू तिच्याकडे बघतच नाहीस, काट्याकडे बघतोस." असली वाक्यं बोलायला त्याला फार आवडायची. मला त्यांचा राग यायचा, आणि ती लक्षात राहायची याचा त्याहून जास्त.

मैदान त्याने शाळेतून रिटायर झाल्यावर उभं केलं, असं सगळे म्हणतात. आधी हे दुरुस्त करतो. मैदान मी मिळवलं. झालं असं की छाटणीच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगरातून मजुरांच्या टोळ्या बागांवर येतात आणि बांधाला झोपड्या करून राहतात. त्यांची पोरं दिवसभर रिकामी. गावातल्या पोरांचं आणि त्यांचं पटत नव्हतं. एका हंगामात बाजीरावआबांच्या बागेतून ठिबकच्या नळ्या गेल्या. आबांच्या सागरने, वय कोवळं आणि डोकं माझ्यासारखं, झोपडीतल्या एका पोराला धरून बेदम मारलं. तो यमुनाचा भाऊ. नळ्या पुढे गावातल्याच एकाकडे सापडल्या. तरी कुणी त्या झोपडीत जाऊन काही बोललं नाही. निवृत्ती गेला. संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "राम्या, मला एक सपाट तुकडा पाहिजे. सागर आणि ते पोरगं मला शेजारी शेजारी बसवायचेत." मी म्हटलं, "एकमेकांचे गळे धरतील." तो म्हणाला, "खो-खोत शेजाऱ्याकडे तोंड नसतं. पाठच असते. पाठीने सुरुवात करू."

आबांची जुनी बाग काढून टाकलेली होती, जमीन पडून होती. निवृत्ती आधी स्वतः विचारायला गेला होता आणि चहा पिऊन परत आला होता. मग मी गेलो. तो सौदा माझ्या आयुष्यातल्या चांगल्या सौद्यांपैकी एक. आबा म्हणाले, "गावातल्या पोरांना देतो, झोपडीवाले नको." मी म्हटलं, "मग तुमची पोरं खेळतील कुणाशी, एकमेकांशीच? तुमच्या सागरनं मार दिला ते पोरगं हरणासारखं पळतं. ते तुमच्या बाजूला नको का?" आबा म्हणाले, "बरं, पण पोरी नको." मी म्हटलं, "पोरी आल्या नाहीत तर पोरं माजतील, मग तुमच्या नव्या बागेत शिरतील." आबा म्हणाले, "शेठ, तुम्ही माझीच जमीन मला विकून राहिले." शेवटी अट एवढीच राहिली की खांब रोवायचे ते त्यांच्या बांधापासून लांब. मी उठून हात जोडले आणि निघालो. दुसऱ्या दिवशी निवृत्ती आभार मानायला गेला, तर आबांनी त्याला विहिरीचं पाणी देऊ केलं, ट्रॅक्टरने जमीन सपाट करून दिली, आणि खांबांसाठी साग दिला. त्याने काही मागितलं नव्हतं. आज त्या जागेला तालुका "सरांचं मैदान" म्हणतो. मी त्या सौद्यात घसा कोरडा केला, आणि नाव त्याचं. त्याने ते कधी दुरुस्तही केलं नाही. मला दोनदा म्हणाला, "अरे, सगळ्यांना माहीत आहे." कुणालाही माहीत नव्हतं.

तो पोरांना बसवायचा ते मात्र बघण्यासारखं असायचं, एवढं मी कबूल करतो. गावचा एक, डोंगराचा एक, गावची एक, डोंगराची एक. आडनाव विचारायला बंदी. कुणी भांडलं की दोघांना लागून बसवायचा आणि एकानेच दुसऱ्याला खो द्यायचा, दुसऱ्या कुणाला नाही. सागरला त्याने असंच यमुनाच्या भावापुढे बसवलं. ज्याच्या हातचा मार खाल्ला त्याच्या पाठीवर हात मारायचा, आणि मारणाऱ्याने तो हात यायची वाट बघत बसायचं. पहिल्या दिवशी त्या पोराने सागरच्या पाठीवर असा रट्टा दिला की सगळं मैदान हसलं. सागर उठला, वळला, आणि पळणाऱ्याच्या मागे धावला. करणार काय! खो मिळाला होता. आज तोच सागर पिकअपमधून सगळ्यांना सामन्यांना नेतो. यमुना हंगाम संपल्यावर डोंगरात परत जायची ती थांबली, आबांच्याच खळ्यावरच्या खोलीत मावशीबरोबर राहून बारावी झाली, आता पोलीस भरतीसाठी पळते. हे सगळं खरं आहे. त्याचं मोठेपण मी नाकारत नाही. मला ते सहन होत नाही, हे वेगळं.

आणि मग अंकिता. ती सुट्टीत माझ्याबरोबर दिंडोरीला यायची, बागेत कंटाळायची, म्हणून मीच तिला मैदानावर सोडू लागलो. माझी पोर म्हणजे माझंच भांडं, झाकण उडायला वेळ लागत नाही. शाळेत बाईंना उलटून बोलायची, आईशी बोलताना ताट सरकवायची. खो-खोत तेच, हात लागायच्या आधीच उठायची. मला वाटलं, निवृत्ती हिला आठवड्यात घरी पाठवील. तो तिला ओरडला नाही. फक्त तिच्या मागे त्याने यमुनाला ठेवलं आणि सांगितलं, "यमुने, ही उठली की तू थांब. ही बसली की मग दे." किती संध्याकाळी गेल्या असतील... एक दिवस मी गाडी लावून काचेतून बघत होतो. यमुना मागून आली, थांबली. अंकिता बसून राहिली. डोळे मिटलेले, हात जमिनीवर, अंगात चाबूक ताणलेला, पण बसून. मग हात पडला आणि ती सुटली. मी टाळ्या वाजवायला हव्या होत्या. मी गाडीतून उतरलोच नाही. एवढी वर्षं तिचा संताप मी संतापानेच दाबायला बघत होतो, आणि या माणसाने एका पोरीच्या तळहाताने तो काढून घेतला. त्या दिवसापासून ती घरी शांत बोलू लागली. प्रत्येक तिसरं वाक्य "सर म्हणतात" असं. मी एकदा ताट आपटून म्हटलं, "सरांच्याच घरी जाऊन राहा." ती म्हणाली, "पप्पा, आमटी गार होतेय."

आता मला कळतं की ते वाट बघणं तिने कुठे वापरलं. थांबायला त्याने शिकवलं, आणि ती माझ्यापुढे थांबली. दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंत माझ्या घरात, माझ्या टेबलावर, तोंड मिटून.

शेवटचं आम्ही एकत्र होतो ते घोटीला. थंडीत तिथे मुलींचे सामने होते. भाताची मळणी उरकली होती, मैदानाच्या कडेने पेंढ्यांच्या गंजी होत्या. निवृत्ती कधी सामना बसून बघत नसे. खांबाशी उभा राहायचा, हातात चुन्याच्या फक्कीचा डबा, रेषा पुसली की स्वतः टाकायचा. त्या दिवशी तो खुर्चीवर बसला होता, अंगावर शाल, आणि फक्कीचा डबा सागरकडे. मी गेलो आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "काय सर, सत्काराला आलात की खेळायला? शाल आधीच घेऊन ठेवली!" कुणी हसलं नाही. मला वाटलं, पोरं ताणात आहेत. मी आणखी चढलो. म्हटलं, "म्हातारा झालास निवऱ्या, आता खुर्ची सोडवायची नाही तुला." तो एकटाच हसला. म्हणाला, "जागा चांगली आहे राम्या, इथून सगळे दिसतात. तूही दिसतोस." सागर खाली बघत रेषा टाकत होता. यमुनाने माझ्याकडे असं बघितलं की मी तिला, "काय गं, उधारी आहे का माझ्याकडे?" असं विचारलं. ती म्हणाली, "नाय काका, काय नाय." ...आता रोज पहाटे जाग आली की मला ती माणसं दिसतात. सगळ्यांना माहीत होतं आणि मी त्यांच्यामध्ये उभा राहून जोक मारत होतो. मला असं उघडं पाडण्याचा हक्क त्याला कुणी दिला?

मुली जिंकल्या. परत निघताना त्याने एकेकाच्या पाठीवर हात ठेवून "खो" म्हटलं. मला वाटलं, कौतुक करतोय. नंतर कळलं, तो कामं वाटत होता. शिट्टी यमुनाला. फक्की आणि पिकअप सागरला. नवीन येणाऱ्या टोळ्यांतल्या पोरांना मैदानावर आणायचं काम यमुनाच्या भावाला. रोज संध्याकाळी पाणी मारून घ्यायचं, आबांना. होय, आबांच्यासुद्धा पाठीवर हात ठेवला. अंकिताला काय दिलं ते ती सांगत नव्हती. माझ्याशी हात मिळवला, "जपून जा, रस्त्यात धुकं असेल" म्हणाला, आणि पिकअपमध्ये पोरींच्या मध्ये जाऊन बसला. माझी गाडी रिकामी होती, हीटर चालू होता. तरी तो तिकडे बसला.

दहाव्याला मी सुमनवहिनींना सरळ विचारलं, "वहिनी, मला का नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या, "भाऊजी, ते म्हणाले, रामनाथला कळलं तर तो मला उचलून मुंबईला नेईल. डॉक्टरशी भाव करेल, देवाशी भाव करेल. मला घोटीपर्यंत मैदानावर राहायचंय." मी म्हटलं, "मग? नेलं असतं! चुकलं काय त्यात?" त्या म्हणाल्या, "तेच तर." आणि आत गेल्या. मी इतका कसलेला माणूस, आणि या माणसाने मला बोलीच लावू दिली नाही. मी काही दिवस तरी खेचून आणले असते. तेवढी ताकद आहे माझ्या जिभेत. आबांकडून जमीन सोडवली ती याच जिभेने ना? त्याच्यासाठीच ना?

मग मागच्या रविवारी अंकिता बोलली. मी सकाळपासून भांडतच होतो, दुधावरून, वर्तमानपत्रावरून. ती म्हणाली, "पप्पा, सरांनी तुमच्यासाठी निरोप ठेवलाय. माझ्याकडे आहे. घोटीला मला तेच काम दिलं."

मी खुर्चीवरून उठलोच. "सांग."

"आत्ता नाही. ते म्हणाले, त्याला आधी पोटभर रागावू दे. राग संपला की सांग."

"संपला. सांग."

"पप्पा, तुम्ही उभे आहात."

मी तिच्याशी भाव केला. अर्धा निरोप सांग म्हटलं. पहिला शब्द सांग म्हटलं. चांगला आहे की वाईट एवढं तरी सांग. ती भाजी निवडत बसून राहिली, डोळे मिटायचे तेवढे बाकी होते. असं गिऱ्हाईक मी उभ्या बाजारात पाहिलेलं नाही. माझ्या मित्राचा माझ्यासाठीचा शेवटचा शब्द माझ्या घरात आहे, पंधरा पावलांवर, माझ्याच पोरीच्या पोटात. आणि तो तिला माझ्याआधी मिळाला आहे. हेही त्याने तिलाच दिलं.

आता मी संध्याकाळी मैदानावर जातो. यमुना शिट्टी वाजवते, सागर फक्की मारतो, आबांचा पाइप चालू असतो. खांबाला निवृत्तीच्या हाताने गुळगुळीत झालेली एक जागा आहे, छातीच्या उंचीवर. तो तिथे हात टेकून उभा राहायचा. पोरं ती जागा सोडून खालून पकडतात. कुणी त्यांना सांगितलेलं नाही, मी विचारलं. काल सराव संपल्यावर पोरं गेली, रेषा तशाच होत्या. मी दोन खांबांमधल्या पाटीत जाऊन एका चौकोनात बसलो. गुडघे कुरकुरले, शर्टाला माती लागली. तोंड बागेकडे, पाठ गावाकडे. अंकिता गाडीशी उभी होती. मी तिला हाक मारली नाही. बराच वेळ बसलो... ती आली नाही. तिच्या मते अजून राग संपलेला नसणार. बरोबर आहे, संपलेला नाही. निरोप कळल्याशिवाय तो संपणार नाही आणि संपल्याशिवाय निरोप नाही, असला आडमुठा सौदा मी कधी कुणावर लादला नाही. तो लादून निवृत्ती निघून गेला, त्याला मी पकडू शकत नाही. पण बाकीचे आहेत. वहिनी आहेत, आबा आहेत, यमुना आहे, आणि सगळ्यात आधी अंकिता, तू आहेस. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला वगळलंत. हे मी वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापायला दिलंय, तुम्ही वाचालच. हे छापून येईल त्या संध्याकाळी मी त्याच चौकोनात बसणार आहे, आणि या वेळी आधी उठणार नाही. तुमच्यापैकी कुणीतरी मागून या, माझ्या पाठीवर हात ठेवा, आणि मला जबाब द्या.